एकाच वेळी दोन पदव्या: नियम, वेळ आणि निवड

प्रश्न थोडक्यात असा: बारावी सायन्स झाली, पुण्यात बी.एस्सी. संख्याशास्त्राला प्रवेश मिळाला आहे, अर्थशास्त्राचीही मनापासून आवड आहे. मग सोबत इग्नूमधून अर्थशास्त्राचं बी.ए. करावं का? की सगळे करतात तसं आयआयटी मद्रासचं डेटा सायन्स? बाबांचं म्हणणं, दोन डिग्र्या असल्या की सरकारी परीक्षेत फायदा होतो. आणि मुळात हे कायदेशीर आहे का, झेपेल का?

कॉलेजात शिकवताना मी बरीच वर्षं प्रवेश समितीचं आणि विद्यार्थी मार्गदर्शनाचंही काम केलं आहे. २०२२ नंतर हा प्रश्न दर जून-जुलैमध्ये हमखास येतो. माझं मत आधीच सांगते: दुसरी पदवी करता येते, पण तुझ्यासारख्या दहा जणांपैकी बहुतेकांना जे हवं असतं ते पहिल्या पदवीच्या आतच मिळण्यासारखं असतं, आणि ते तिथे आहे हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आधी कायद्याचं बघू. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांनुसार तीन रस्ते आहेत. दोन्ही अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसून, पण एकाच्या तासांच्या वेळा दुसऱ्यावर आदळता कामा नयेत. किंवा एक रेग्युलर आणि दुसरा दूरशिक्षणाने वा ऑनलाइन. किंवा दोन्ही दूरशिक्षणाने वा ऑनलाइन. पीएच.डी. यात येत नाही. दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन पदवी मान्यताप्राप्त संस्थेचीच हवी. त्याआधी एकाच वेळी दोन पदव्या केलेल्यांना या तत्त्वांचा लाभ नव्हता. नियमांत बसणाऱ्या अशा जुन्या पदव्यांनाही मान्यता देण्याचा निर्णय आयोगाने २०२५ मध्ये घेतला. हे मुद्दाम सांगते, कारण तुझ्या एखाद्या काकाने किंवा आत्याने पूर्वी असं केलं असेल, तर 'ती डिग्री रद्द होते' ही जुनी भीती घरात अजून फिरत असते.

पण आयोगाच्या परवानगीवर व्यावसायिक परिषदांचे नियम वरचढ ठरतात. वकिलीचं उदाहरण घे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार एलएल.बी. करताना दुसरा रेग्युलर पदवी अभ्यासक्रम करता येत नाही. दूरशिक्षण केंद्राच्या अभ्यासक्रमांना त्यात सूट आहे. दुसरी बाजूही बघ: इंजिनीअरिंग, वैद्यकीय, फार्मसी, नर्सिंग, आर्किटेक्चर, कायदा हे दूरशिक्षणाने शिकवायलाच परवानगी नाही. कुणी 'घरबसल्या बी.टेक., कॉलेजसोबत चालतं' अशी जाहिरात दाखवली, तर तिथेच थांबावं. प्रवेशाआधी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचं नाव, त्या अभ्यासक्रमाचं नाव आणि त्या वर्षाची मान्यता, तिन्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघ. संस्था मान्यताप्राप्त आहे पण तो अभ्यासक्रम नाही, असंही होतं. २०२४ पासून दूरशिक्षणाच्या आणि ऑनलाइन प्रवेशासाठी त्याच विभागाचा डीईबी आयडी, म्हणजे ओळख क्रमांक, काढावा लागतो, आणि तो क्रेडिट बँकेच्या खात्याशी जोडलेला असतो. क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांवर मोजलेलं एकक; विद्यार्थ्याने मिळवलेली क्रेडिट या बँकेत जमा होतात. हे काम अर्ध्या तासात होतं. एजंटला त्यासाठी पैसे देऊ नकोस.

नियमात बसतं म्हणजे कॉलेजच्या खिडकीवर लगेच होतं, असं मात्र नाही. दोन रेग्युलर अभ्यासक्रम घेऊ पाहणारी मुलं पहिल्यांदा अडकतात ती दाखल्यावर. प्रत्येक कॉलेज मूळ टीसी मागतं, गरजेनुसार मायग्रेशन मागतं, आणि मूळ कागद तर एकच असतो. शिवाय 'मी अन्यत्र कोठेही प्रवेश घेतलेला नाही' असं जुनं हमीपत्र काही ठिकाणी अजून अर्जाला जोडलेलं असतं. अशा हमीपत्रावर डोळे झाकून सही करू नकोस. प्राचार्यांना साधं लेखी पत्र दे: मी अमुक अभ्यासक्रमाला रेग्युलर प्रवेश घेत आहे, तमुक अभ्यासक्रम दूरशिक्षणाने करणार आहे, आयोगाच्या २०२२ च्या तत्त्वांनुसार परवानगी असावी. आवक क्रमांकाची पोच घे आणि फाइलला लाव. एक रेग्युलर आणि एक दूरशिक्षण असेल तर सहसा मूळ टीसीचा पेच येत नाही. मी हाच रस्ता सुचवते त्याचं ते एक कारण.

दुसरं कारण हजेरीचं. पुण्या-मुंबईत सकाळचं आणि दुपारचं अशी दोन कॉलेजं वेळेत बसवता येतील, कागदावर वेळापत्रक जुळेलही. पण सायन्सला प्रॅक्टिकल असतं, जर्नल असतं, इंटर्नलच्या तारखा आठवडाभर आधी कळतात, प्रोजेक्टचे मार्गदर्शक संध्याकाळी चारला बोलावतात. ७५ टक्के हजेरी दोन्हीकडे सांभाळायची म्हणजे आजारी पडायलाही जागा उरत नाही. दोन रेग्युलर पदव्या एकत्र करण्याचा सल्ला मी अजून कुणालाही दिलेला नाही.

आता वेळेबद्दल बोलू, कारण सगळं गणित इथे आहे. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात शिक्षणाचं एक वर्ष म्हणजे १२०० तास आणि ४० क्रेडिट धरलेलं आहे. यात फक्त वर्गातले तास नाहीत. वाचन, गृहपाठ, प्रयोग, परीक्षेची तयारी असं सगळं धरून हा आकडा आहे. सुट्ट्या वगळून कामाचे ४० आठवडे धरले, तर एका पदवीचे आठवड्याला ३० तास होतात आणि दोन पदव्यांचे ६०. रविवारसकट रोज साडेआठ तासांहून जास्त. त्यात बसचा प्रवास, मेस, कपडे धुणं, आणि अठराव्या वर्षी मित्रमैत्रिणींसोबत घालवायलाच हवा असा वेळ धरलेला नाही. अर्थात प्रत्यक्षात आपल्याकडे एका पदवीलाही बरेच जण ३० तास देत नाहीत, आणि म्हणूनच दोन पदव्या 'जमतात' असं दिसतं. जमतात म्हणजे काय, तर दोन्हीकडे परीक्षेआधीचे पंधरा दिवस गाइड वाचून पास होता येतं. तेवढ्यासाठी तू संख्याशास्त्र घेतलेलं नाहीस ना?

मला दिसलेला क्रम साधारण असा. पहिल्या सेमिस्टरला उत्साह असतो, आणि अकरावी-बारावीच्या अभ्यासाची पुंजीही असते. दुसऱ्यापर्यंत ओढून नेलं जातं. तिसऱ्या सेमिस्टरला रेग्युलर पदवीचा अभ्यास खरोखर अवघड होतो. संख्याशास्त्रात संभाव्यता वितरणं आणि अनुमानशास्त्र तिथे जोर धरतात. नेमकी तेव्हाच दुसऱ्या पदवीच्या असाइनमेंटची मुदत येते. मूल आधी असाइनमेंट कुणाची तरी उतरवून काढतं, मग रेग्युलरचा एक पेपर मागे टाकतं, आणि एटीकेटी लागली की घरात दुसरी पदवी बंद करण्याची चर्चा सुरू होते. कधीकधी उलटंही होतं, आणि ते मला जास्त वाईट वाटतं: आवडीची दुसरी पदवी सुटते आणि नावडती पहिली तेवढी पूर्ण होते.

म्हणून आधी पहिल्या पदवीच्या आत बघ. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाची रचना आता लागू झाली आहे. तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची आहे, चार वर्षांची ऑनर्स १६० ते १७६ ची. त्यात मेजर म्हणजे मुख्य विषयासोबत साधारण १८ ते २० क्रेडिटचा मायनर म्हणजे दुय्यम विषय आहे आणि दुसऱ्या शाखेतून घ्यायचे खुले विषयही आहेत. संख्याशास्त्र मेजर आणि अर्थशास्त्र मायनर ही जोडी तर फार सुंदर बसते. राष्ट्रीय नमुना पाहणी, महागाईचा निर्देशांक, शेतीच्या उत्पन्नाचे अंदाज, जिथे बघशील तिथे हे दोन विषय हातात हात घालून आहेत. पुण्याचंच उदाहरण घ्यायचं तर १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावर जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो कुटुंबांच्या खर्चाच्या आकडेवारीवर उभा होता. दांडेकर स्वतः संख्याशास्त्राचं शिक्षण घेतलेले होते. दोन विषयांची सांगड घालायला दोन पदवी प्रमाणपत्रं लागतातच असं नाही.

अडचण एवढीच, की कॉलेज सहसा तेच मायनर देतं ज्याचे शिक्षक त्याच्याकडे आहेत. तुझं कॉलेज फक्त सायन्सचं असेल तर मायनर म्हणून गणित किंवा संगणकशास्त्रच समोर येईल. म्हणून प्रवेश पक्का करण्याआधी विचार, मायनरमध्ये अर्थशास्त्र आहे का, आणि कला शाखेशी वेळापत्रक जुळतं का. दोन कॉलेजांत प्रवेश मिळत असेल आणि एकात हे मायनर असेल, तर ते कॉलेज थोडं कमी नावाजलेलं असलं तरी मी तेच घे म्हणेन.

यापुढची पायरी दुहेरी मेजरची. आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात ती आहे: दुसऱ्या विषयाची किमान ४० टक्के क्रेडिट मिळवली, म्हणजे १२० पैकी ४८, तर एकाच पदवीवर दोन मेजर लागतात. संलग्न कॉलेजांत हे अजून क्वचित मिळतं. स्वायत्त कॉलेजांत आणि मोठ्या विद्यापीठांच्या स्वतःच्या विभागांत विचारून बघावं. इंजिनीअरिंगच्या मुलांना १८ ते २० जादा क्रेडिट करून मायनर किंवा ऑनर्स जोडता येतं. तीच मुलं ते सोडून बाहेरच्या दुसऱ्या पदवीच्या मागे धावतात, तेव्हा मी त्यांना आधी आपलीच माहितीपुस्तिका उघडायला लावते.

अमेरिकेत किंवा कॅनडात पदवीला जाणाऱ्या आपल्या मुलांनाही हाच फरक कळायला हवा. तिथे डबल मेजर म्हणजे एकच पदवी, दोन मुख्य विषय. दोन स्वतंत्र पदव्या हव्या असतील तर नेहमीच्या १२० क्रेडिटच्या वर अनेक विद्यापीठं ३० च्या आसपास जादा क्रेडिट मागतात, म्हणजे साधारण एक वर्ष आणि त्याची फी. बहुसंख्य विद्यार्थी डबल मेजरवर थांबतात आणि ते योग्यच आहे. इथल्यांसाठी याच अनुषंगाने एक गोष्ट: तीन-तीन वर्षांच्या दोन पदव्या एकत्र केल्या म्हणून त्या आपोआप एका चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीच्या होत नाहीत. पुढे परदेशात मास्टर्सचा विचार असेल, तर त्याच कॉलेजातलं चौथं ऑनर्सचं वर्ष दुसऱ्या पदवीपेक्षा जास्त उपयोगी पडण्याची शक्यता मोठी आहे.

मग दुसरी पदवी कुणी करावी? माझ्या मते दोन प्रकारच्या मुलांनी. एक, ज्यांना असं काही शिकायचं आहे जे त्यांच्या कॉलेजात कोणत्याच रूपात मिळत नाही, आणि ज्याचं काम ते आजच थोडंफार करत आहेत. माझ्याकडे बी.कॉम.ची एक विद्यार्थिनी होती, लहानपणापासून गाणं शिकणारी. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत ती बी.कॉम. होता होता विशारद झाली. आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. कितीतरी घरांत मुलं दिवसा कॉलेज आणि संध्याकाळी विशारदचा रियाज करत मोठी झाली, आणि त्याला कुणी दोन पदव्या म्हणत नव्हतं. तिचं जमलं, कारण रियाज तिच्या दिवसात आधीपासून होता, नवा भार म्हणून आलेला नव्हता. दुसरा प्रकार म्हणजे ज्यांची पहिली पदवी घरच्या दबावाने किंवा गुणांच्या हिशेबाने ठरली आणि त्यांना खरोखर दुसरीकडे जायचं आहे. अशांसाठी दूरशिक्षणाची पदवी हा पूल आहे. पहिल्या वर्षानंतर त्यांनी शाखाच बदलली तर अधिक चांगलं, पण तेवढं घरी बोलायचं बळ प्रत्येकात लगेच येत नाही, हे मला माहीत आहे.

तू विचारलेले दोन पर्याय एकसारखे नाहीत, म्हणून वेगवेगळे सांगते.

इग्नूच्या बी.ए.मध्ये पुस्तकं घरी येतात, सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात, गुणांचा मोठा भाग परीक्षेला आणि साधारण ३० टक्के असाइनमेंटला असतो. तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. त्यांचं अर्थशास्त्राचं साहित्य चांगलं आहे, आणि असाइनमेंट स्वतः लिहिणाऱ्याला त्यातून खरंच अर्थशास्त्र येतं. माध्यम मुख्यतः इंग्रजी आणि हिंदी. मराठीतून शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासून. धोका परीक्षांचा: पुण्यातल्या आपल्या विद्यापीठाच्या परीक्षा लांबल्या की त्या थेट डिसेंबरच्या किंवा जूनच्या पेपरांवर येतात. तसं झालं तर इग्नूचा पेपर पुढच्या सत्राला टाक, ते चालतं. रेग्युलरचा पेपर टाकू नकोस.

आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा बी.एस. अभ्यासक्रम २०२० मध्ये सुरू झाला आणि तो मुळातच दुसऱ्या पदवीसोबत करता येईल असा बांधलेला आहे. जेईई लागत नाही. चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यायची. वर्षाला तीन सत्रं, व्याख्यानं ऑनलाइन, पण परीक्षा ठरलेल्या केंद्रावर जाऊन, बहुधा रविवारी. एका विषयाला आठवड्याला १० तास धरावेत असं त्यांचंच सांगणं असतं आणि ते खोटं नाही. पूर्ण बी.एस. १४२ क्रेडिटची आहे. पायाभूत टप्पा, मग डिप्लोमा, मग बी.एस्सी. आणि मग बी.एस., असे बाहेर पडण्याचे टप्पे आहेत आणि प्रत्येकाचं प्रमाणपत्र मिळतं. फी विषयागणिक भरायची आणि उत्पन्न व प्रवर्गानुसार सवलत मोठी आहे. तुझ्या संख्याशास्त्राशी याचा पायाभूत भाग बराच जुळतो, त्यामुळे अभ्यास हलका वाटेल. पण ज्या दोन पदव्यांत तेच तेच शिकवलं जातं, त्यातली दुसरी कशासाठी? शिवाय क्रेडिट बँकेतली क्रेडिट एकदा एका पदवीसाठी वापरली की ती पुन्हा दुसरीसाठी वापरता येत नाहीत, म्हणजे तोच विषय दोनदा करणं आलं. अर्थशास्त्राची ओढ असलेल्या मुलीने फक्त सगळे करतात म्हणून इकडे वळू नये. प्रोग्रामिंग तर तुला संख्याशास्त्रातही शिकावंच लागेल.

बाबांच्या मुद्द्याचं उत्तर त्यांना वाचून दाखव. राज्यसेवा किंवा नागरी सेवा परीक्षेला मान्यताप्राप्त विद्यापीठाची एक पदवी पुरते. दुसरीचे जादा गुण कुठेही मिळत नाहीत. पदवीचा विषय महत्त्वाचा ठरतो तो वेगळ्या परीक्षांत: भारतीय सांख्यिकी सेवेला पदवीला संख्याशास्त्र विषय असावा लागतो, तो तुझ्याकडे आहेच. भारतीय आर्थिक सेवेला अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते, तिथे बी.ए. पुरत नाही. आणि अर्थशास्त्रात एम.ए. करायला अनेक विद्यापीठांत अर्थशास्त्राचीच पदवी हवी असं नसतं. उलट गणित-संख्याशास्त्र पक्कं असलेली मुलं तिथे पुढे असतात. म्हणजे संख्याशास्त्रात बी.एस्सी. आणि मग अर्थशास्त्रात एम.ए., हा तुझ्या दोन्ही आवडींचा सरळ रस्ता आहे, आणि त्यात दुसऱ्या बी.ए.ची पायरी नाही.

या विषयावर बोलताना नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचं नाव निघतंच. वैद्यकशास्त्र, कायदा, कितीतरी विषयांतली एम.ए., संस्कृतातली डी.लिट., शिवाय भारतीय पोलीस सेवा आणि प्रशासकीय सेवा. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. पण त्यांनी ते एका तीन वर्षांच्या खिडकीत कोंबलेलं नव्हतं. सत्तरच्या दशकापासून पुढची बरीच वर्षं, उन्हाळी आणि हिवाळी परीक्षांना एकेक विषय घेत ते शिकत राहिले. त्यांचं नाव पुढे करून अठराव्या वर्षीच्या मुलांवर दोन-दोन प्रवेश लादणाऱ्या पालकांनी हा काळाचा विस्तार बघावा.

तर तुझ्यासाठी माझा सल्ला. यंदा फक्त बी.एस्सी. घे, मायनर किंवा खुल्या विषयात अर्थशास्त्र मिळेल असं बघ. पहिल्या सेमिस्टरभर आठवड्यातले सहा तास अर्थशास्त्राला ठरवून दे. स्वयम् संकेतस्थळावर अर्थशास्त्राचे अभ्यासक्रम मोफत ऐकता येतात, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी भरावी लागते. इग्नूचं साहित्यही त्यांच्या ई-ज्ञानकोशावर कुणालाही खुलं आहे. सूक्ष्म अर्थशास्त्राचा पहिला अभ्यासक्रम त्यातून पूर्ण कर, उदाहरणं सोडवून. डिसेंबरअखेर दोन गोष्टी तपास: कॉलेजच्या कोणत्याही पेपरात गाडी अडली का, आणि ते सहा तास तू किती आठवडे खरोखर पाळलेस. दोन्ही उत्तरं चांगली असतील आणि कॉलेजात अर्थशास्त्राचं मायनर मिळालंच नसेल, तर जानेवारीच्या सत्रात इग्नूला प्रवेश घे. तिथे जुलैइतकाच जानेवारीतही प्रवेश होतो, सहा महिने वाया जात नाहीत. आणि प्रवेश घेतलास तरी ती पदवी तीन वर्षांत नव्हे, चार-पाच वर्षांत करायची असं घरी पहिल्याच दिवशी सांगून ठेव. शिष्यवृत्ती मिळत असेल तर अर्ज रेग्युलर पदवीवरच भर, आणि दुसऱ्या प्रवेशाने ती अडचणीत येत नाही ना, हे त्या योजनेच्या नियमात वाचून घे.

एखाद्या सत्रात फार ओढाताण झाली तर इग्नूचे विषय कमी कर, सोड, पुन्हा घे. मिळवलेली क्रेडिट बँकेत जास्तीत जास्त सात वर्षं राहतात. बी.एस्सी.च्या तिसऱ्या सेमिस्टरला मात्र दुसरीकडचा एकही नवा विषय घेऊ नकोस. अनुमानशास्त्र त्या सहा महिन्यांत नीट समजलं नाही, तर पुढे अर्थमिती, म्हणजे आर्थिक आकडेवारीला संख्याशास्त्र लावणं, शिकताना पानोपानी अडखळशील.